सात वर्षांनी परत आणलं तर?

बीगल जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं ठरलं तेव्हा मी एक यादी केली होती. ब्रीडरला, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याला, विचारायचे अकरा प्रश्न. आईबाप दाखवाल का, तपासण्यांचे कागद आहेत का, कुत्री वर्षातून किती वेळा विते, जंताचं औषध कधी दिलं, वगैरे. ती यादी घेऊन मी तिघांकडे गेले. तिघांनीही अकराच्या अकरा उत्तरं अशी घडाघडा दिली की मला माझ्या यादीचीच शंका आली. त्यातल्या एकाकडे तर माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार होतं. माझ्यासारख्या याद्या घेऊन येणारे त्याने बरेच पाहिले असणार.

चौथ्या ठिकाणी मला यादी काढायला वेळच मिळाला नाही. त्या बाईंनी मला पिल्लांच्या पेटीशेजारी जमिनीवर बसवलं आणि स्वतःच विचारायला सुरुवात केली. दिवसभर घरात कोण असतं? घर स्वतःचं की भाड्याचं? शेजारी कसे आहेत, म्हणजे कुत्र्याने पहाटे गळा काढला तर दार वाजवतील की पोलिसांना फोन करतील? मग, "मुलगी किती वर्षांची?"

"नऊ."

"म्हणजे कुत्रं नऊ वर्षांचं होईल तेव्हा ती शिकायला बाहेर पडलेली असेल. मग त्याला फिरवणार कोण? तुमचे गुडघे?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी मला पिल्लू मिळालंही नाही. पण निघताना त्यांनी एक वही दाखवली. लांबट, हिशेबाची असते तशी. प्रत्येक वेताला एक पान. डावीकडे पिल्लांच्या गळ्यातल्या लोकरीच्या दोऱ्यांचे रंग, त्यापुढे जन्मवेळचं वजन ग्रॅममध्ये, मग रोजची वजनं. आणि पानाच्या उजव्या कडेला एक रुंद रकाना, वर नुसतंच लिहिलेलं: "आता". त्या रकान्यात वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या वर्षी केलेल्या नोंदी होत्या. "डोळे तपासले, ठीक." "पहिली फिट, वय 3." "मालक वारले, मुलाकडे आहे." एका पानावर हिरव्या दोऱ्यापुढे होतं: "परत आली. वय 7." बाईंनी पेनाने दाराकडे दाखवलं. उंबऱ्याजवळच्या पायपुसण्यावर एक पांढऱ्या तोंडाची जाडजूड बीगल घोरत पडली होती.

तेव्हापासून मी म्हणते की ब्रीडर जबाबदार आहे की नाही हे ओळखायला अकरा प्रश्न लागत नाहीत. एक पुरतो. "हे कुत्रं सात वर्षांनी मला सांभाळता आलं नाही, तर तुम्ही परत घ्याल का?" आणि हा प्रश्न केवळ गिऱ्हाइकाने विचारून भागणार नाही. तो कायद्यानेही विचारला पाहिजे, कारण कुत्र्यांच्या बाजाराबद्दल आपण जे वाद घालतो त्यातले बरेचसे शेवटी याच एका गोष्टीशी येऊन थांबतात: विकलेल्या जिवाची जबाबदारी किती दिवस कुणाची?

बीगलच्या बाबतीत हे अधिकच खरं आहे. बीगल हा शिकारी कुत्रा आहे, हे त्याच्या तोंडाकडे पाहून कुणाला पटत नाही. लोंबते कान, काजळ घातल्यासारखे डोळे, पांढरं शेपटीचं टोक. पण आजच्या बीगलची घडण इंग्लंडमधल्या सशांच्या शिकारीत झाली. 1830च्या दशकात एसेक्समध्ये फिलिप हनीवूड नावाच्या पाद्र्याने जो कळप जोपासला, त्याला आजच्या बीगलचं मूळ मानतात. शिकारी पायी चालायचे आणि कुत्री पुढे धावत झाडीत दिसेनाशी व्हायची. मग ती कुठे आहेत हे कळणार कसं? आवाजाने. म्हणून लांबवर ऐकू जाणारा, गळा काढून घातलेला तो हेल पिढ्यान्पिढ्या निवडून पक्का केला गेला. वास लागला की मान खाली आणि कान बंद, हेही तसंच निवडलेलं. आणि सगळं काम कळपाने करायचं, त्यामुळे एकटं राहणं त्याला शिक्षा वाटते. आपण ज्याला खोड म्हणतो तो त्याचा पेशा आहे.

आता हे आठ आठवड्यांच्या पिल्लात काहीच दिसत नाही. ते मांडीत मावतं आणि झोपतं. आठ महिन्यांचं झालं की आवाज फुटतो, उघड्या फाटकातून ते एखाद्या वासामागे निघून जातं आणि ओट्यावरचं सगळं फस्त करतं. नेमकी याच सुमारास, कुत्रं वयात येत असताना, घराघरांत "कुणी घेईल का हो?" ही भाषा सुरू होते. म्हणून विकताना पिल्लाचा गोडवा सांगणाऱ्यापेक्षा मोठ्या कुत्र्याचा त्रास सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो. त्या बाईंनी मला तासभर बीगल घेऊ नये याचीच कारणं सांगितली होती.

बीगलचा स्वभाव इतका सोशिक की तो सोशिकपणाच त्याच्या मुळावर आला आहे. प्रयोगशाळांत औषधं तपासायला वापरल्या जाणाऱ्या कुत्र्यांत बीगल सर्वांत जास्त, कारण तो आकाराने बेताचा असतो आणि टोचलं तरी सहसा चावत नाही. 2022मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात अशाच एका पैदास केंद्रातून सुमारे 4,000 बीगल सोडवून घरोघरी द्यावे लागले. पिंजऱ्यात ठेवून पिल्लं काढणाऱ्या धंदेवाल्यांनाही हाच गुण सोयीचा पडतो. जे कुत्रं तक्रार करत नाही, त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी ती करायला हवी, नाही का?

कागदांविषयी थोडं. पुष्कळांना वाटतं की नोंदणीचं प्रमाणपत्र म्हणजे चांगल्या ब्रीडरचा पुरावा. ब्रिटनचा केनेल क्लब 1873चा, अमेरिकेतला 1884चा. म्हणजे दीडशे वर्षं कुत्र्यांच्या वंशावळी लिहिल्या जात आहेत, आणि ते मोलाचं काम आहे. पण वंशावळ एवढंच सांगते की या पिल्लाचे आईबाप, आजीआजोबा कोण. आई कुठल्या अवस्थेत व्याली, पिल्लं कुणाच्या हाताखाली वाढली, त्यांच्या भावंडांचं पुढे काय झालं, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. जन्मदाखल्यावरून घर कसं आहे ते कळत नाही, तसंच.

जनुकीय तपासण्यांचे कागद त्याहून बरे. बीगलमध्ये काही आनुवंशिक आजार चांगले ओळखीचे आहेत आणि त्यांच्या चाचण्या उपलब्ध आहेत: रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर सेव्हनची कमतरता, बी-12 जीवनसत्त्व शोषलं न जाणं, लाफोरा नावाचा अपस्माराचा प्रकार, चालायला लागताच पिल्लू लडखडतं तो मेंदूचा आजार. आणि मुस्लाडिन-ल्यूक सिंड्रोम. यात त्वचा जाड आणि ताणलेली होते, सांधे आखडतात, पायाची बाहेरची बोटं आखूड राहिल्याने कुत्रं चवड्यांवर, नाचणाऱ्या मुलीसारखं चालतं. यामागचा जनुकातला बदल 2010मध्ये सापडला. मला यातलं नाव फार बोलकं वाटतं. मुस्लाडिन आणि ल्यूक ही डॉक्टरांनी शोधून काढलेली लॅटिन नावं नव्हेत, ती बीगलसाठी आयुष्य घातलेल्या ब्रीडर मंडळींची आडनावं आहेत. जिथे दोष लपवणं हाच बहुतेकांचा शिरस्ता, त्या क्षेत्रात एका दोषाला ब्रीडरांची नावं सन्मानाने दिली गेली.

इथे गिऱ्हाइकांचीही एक चूक सांगितली पाहिजे. "दोन्ही आईबाप क्लिअर हवेत", म्हणजे चाचणीत निर्दोष, असा हट्ट हल्ली ऐकू येतो. हे आजार बहुतेक अप्रभावी जनुकाचे असतात. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून सदोष प्रत आली तरच पिल्लू आजारी पडतं. दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही एकेकच सदोष प्रत असली, तर प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. पण एक वाहक आणि एक निर्दोष अशी जोडी लावली तर एकही पिल्लू आजारी निघत नाही, सरासरी निम्मी फक्त वाहक निघतात. मग स्वभावाने उत्तम, बाकी तब्येतीने ठणठणीत असलेली वाहक कुत्री केवळ कागदावर डाग नको म्हणून बाद करायची? असं सगळ्यांनी केलं तर उरलेल्या मूठभर कुत्र्यांतच पैदास होत राहील आणि दुसरा कुठलातरी दोष दाटत जाईल. जाणता ब्रीडर "ही वाहक आहे, म्हणून तिला हा नर लावला" असं उघड सांगतो. ते ऐकून पळणारं गिऱ्हाईक त्याला खोटं बोलायला शिकवतं.

पण कागदांची खरी मर्यादा पुढेच आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा भार तिच्यावर आहे. बीगलमध्ये नेहमीचा जो अपस्मार दिसतो, ज्याचं कारण मेंदूच्या तपासणीतही सापडत नाही, त्याला आज जनुकीय चाचणी नाही. तो घराण्यात चालतो एवढं ठाऊक आहे. पहिली फिट बहुतेक वेळा सहा महिने ते सहा वर्षे या वयात येते. म्हणजे पिल्लू विकलं गेल्यावर. नव्या घरी, रात्री, स्वयंपाकघराच्या फरशीवर. ब्रीडरला ती दिसत नाही. त्याला ती कळायचा मार्ग एकच: मालकाने फोन करून सांगणं, आणि ब्रीडरने तो फोन उचलून वहीत लिहिणं.

बाईंच्या वहीत "पहिली फिट, वय 3" असं लिहिलेलं पान मी पाहिलं होतं. त्या पानावरच्या आईपुढे लाल शाईने काट मारलेली होती. त्या कुत्रीला पुन्हा गाभण केलं नाही. पेटीतल्या पिल्लाच्या वाट्याला जी सुरक्षितता आली ती कुठल्या प्रयोगशाळेने दिलेली नव्हती, तीन वर्षांपूर्वी विकलेल्या दुसऱ्याच कुत्र्याच्या मालकाने केलेल्या फोनने दिली होती.

म्हणून जो ब्रीडर विक्रीबरोबर संबंध तोडतो तो निव्वळ कोरडा माणूस आहे असं नाही, तो डोळे मिटून पैदास करतो आहे. आपण काय जन्माला घालतो हे त्याला माहीतच नसतं. परत घेण्याची अट मला नीतीच्या आधी ज्ञानासाठी हवी आहे. परत घ्यायची वेळ येऊ शकते हे ठाऊक असलेला माणूस पत्ते जपून ठेवतो, चौकशी करतो, कुणाला पिल्लू द्यायचं नाही हेही ठरवतो. आणि अर्थात, परत येतील तेवढी कुत्री ठेवायला जागा लागते, त्यामुळे जेवढी झेपतील तेवढीच जन्माला घालतो.

माझ्याकडे या धंद्याची दुसरी बाजू पाहिल्याचाही अनुभव आहे. कॉलेजात असताना भावाने आणि मी मिळून एका दलालाकडून बीगल घेतली होती. आई दाखवा म्हटल्यावर तो म्हणाला, तिला विश्रांतीसाठी भावाकडे पाठवलीय. बाळंतपणाला माहेरी गेलेली सून असावी तशा सुरात! पिल्लू कोपऱ्यात मलूल बसलं होतं. "शांत आहे हो, त्रास नाही देणार." आम्हाला दया आली आणि आम्ही तिला उचललं. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्वो. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे बहुधा ती आजार घेऊनच आमच्या घरी आली होती. दवाखान्यात नऊ दिवस सलाईनवर राहून ती वाचली. चिंगी तिचं नाव. पुढे अकरा वर्षं जगली आणि अकरा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की पलंगाखाली शिरत राहिली. अनोळखी माणूस आला की तिच्या पायाखाली थेंब पडायचे.

हे तिच्या नशिबात नव्हतं, तिच्या पहिल्या महिन्यांत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकतं. 1961मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॉकर स्पॅनियल आणि बीगलची पिल्लं माणसांपासून दूर, कुंपण घातलेल्या मैदानात वाढवली होती. त्यातली जी चौदा आठवडे माणसाच्या सहवासाशिवाय राहिली, ती नंतर जवळपास रानटी जनावरांसारखी वागत होती. बीगलसारखी मायाळू जात, तरीही. ब्रीडरकडचे पहिले आठ आठवडे म्हणजे या काळाचा मोठा आणि परत न मिळणारा भाग. बाईंच्या घरी पिल्लांची पेटी चौथ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात येत असे. मिक्सर, भांडी पडण्याचा आवाज, येणारी जाणारी माणसं, छत्री उघडणं, मुद्दाम चुरगाळलेली पिशवी. ती पिशवी पाहून मला चिंगी आठवली आणि क्षणभर बोलता आलं नाही.

आणि दयेपोटी केलेल्या त्या खरेदीने आम्ही काय साधलं? चिंगी वाचली, हे खरं. पण दलालाच्या हिशेबात आजारी पिल्लूही खपलं, एवढीच नोंद झाली. तिच्या आईला पुढच्या माजावर पुन्हा नर लावला गेला असेल. त्या मलूल पिल्लाला तिथेच सोडून, तक्रार करून, मोकळ्या हाताने परत यायला हवं होतं, असं मला आज वाटतं. आणि ते मला जमलं असतं का, याची खात्री अजूनही नाही.

आता सर्वांत मोठा आक्षेप. विकत घ्यायचंच कशाला? निवाऱ्यांत कुत्री पडून असताना जातिवंत पिल्लू विकत घेणं हा शौक आहे, असं म्हणणारे मित्र मला आहेत, आणि त्यांच्यातले बरेचजण हाताने काम करणारे आहेत, नुसते बोलणारे नाहीत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ज्याला आधी दत्तक घ्यायचा विचारही शिवला नाही त्याने तो करावा. बीगलच हवा असेल तरी मोठा झालेला, कुणीतरी सोडून दिलेला बीगल मिळतो, आणि तो गळा काढतो की नाही हे घेण्याआधीच कळतं, हा फायदा थोडा नाही.

पण निवाऱ्यातलं कुत्रं तिथे आलं कसं, हा प्रश्न त्यांनी माझ्याबरोबर विचारावा. जी जातिवंत कुत्री तिथे पोचतात, ती ज्यांनी जन्माला घातली त्या माणसांचा आज पत्ता नाही. कुणी चिठ्ठी लिहून फाटकाला बांधलं, कुणी रस्त्यावर सोडलं, आणि पैदास करणारा मात्र पुढच्या वेतात गुंतलेला. पायपुसण्यावर घोरणारी ती हिरव्या दोऱ्याची कुत्री निवाऱ्यात गेली नाही, कारण तिला जायला जागा होती. परत घेणारा ब्रीडर निवाऱ्यावर भार टाकत नाही. हा युक्तिवाद पुरा नाही, हे मी कबूल करते. मी विकत घेतलेल्या पिल्लाऐवजी एक दत्तक घेता आलं असतं, ही वजाबाकी कुठल्याही युक्तिवादाने शून्य होत नाही. माणसाने माहीत असलेल्या घराण्याचं, माहीत असलेल्या स्वभावाचं कुत्रं हवंसं वाटणं हा गुन्हा नाही एवढंच मी म्हणेन, आणि ते हवंसं वाटणार असेल तर त्याची पैदास पत्ता असलेल्या माणसाने करावी.

कायदे झाले आहेत. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2020 पासून सहा महिन्यांखालची पिल्लं दलालाने किंवा दुकानाने विकायला बंदी आहे. 2013 मध्ये वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून सुटलेल्या लूसी नावाच्या कुत्रीवरून त्याला लूसीचा कायदा म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने 2017च्या कायद्याने पैदाशीच्या माद्यांवर दहाची मर्यादा घातली, खास परवानगी मिळाली तरच पन्नासपर्यंत. फ्रान्सने 2024च्या सुरुवातीपासून दुकानांत कुत्री-मांजरं विकणं बंद केलं. त्याआधीच तिथे विकत घेणाऱ्याला एका प्रमाणपत्रावर सही करावी लागू लागली होती, आणि सहीनंतर सात दिवस गेल्याशिवाय प्राणी हातात मिळत नाही. मला हा सात दिवसांचा नियम फार आवडतो. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी पिल्लू आणायला निघालेल्या बापाला त्याने घरी बसवलं.

हे सगळे कायदे विक्रीच्या दाराशी उभे आहेत. कोण विकतो, कुठे विकतो, किती विकतो. विक्री झाल्यानंतरच्या बारा-पंधरा वर्षांबद्दल ते जवळजवळ गप्प आहेत. आणि दाराशी फसवणं सोपं असतं. आई दाखवलीच पाहिजे असा नियम झाला की भाड्याची आई मिळते, दुसऱ्याच पिल्लांना शेजारी घेऊन बसलेली. बारकाईने पाहणारा तिची स्तनं पाहतो, पिल्लं तिला ढुसतात का पाहतो. पण पिल्लू समोर असताना स्तनं कोण पाहतं?

म्हणून माझी मागणी मायक्रोचिपशी, म्हणजे कातडीखाली बसवायच्या ओळखक्रमांकाच्या चिपशी, जोडलेली आहे. इंग्लंडमध्ये 2016 पासून कुत्र्याला चिप सक्तीची आहे, आणि पिल्लाची पहिली नोंद ब्रीडरच्याच नावावर व्हावी लागते. पाया तयार आहे. आता एवढंच करायचं की मालक बदलला तरी पहिलं नाव पुसायचं नाही. कुत्रं बेवारस सापडलं, मालकाने हात वर केले, की दुसरा फोन जन्माला घालणाऱ्याला. येऊन घेऊन जा, नाहीतर त्याच्या पालनाचा खर्च द्या. वर्षाला चाळीस पिल्लं काढणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. तपासनीस पाठवून जे साधत नाही ते या एका नियमाने साधेल असं मला वाटतं, कारण निष्काळजीपणाची किंमत पहिल्यांदाच निष्काळजी माणसाच्या दारात येऊन उभी राहील.

यावर चांगल्या ब्रीडरांनीच मला हरकती सांगितल्या आहेत. मालक बेफिकीर निघाला तर त्याची शिक्षा आम्हाला का? रास्त आहे. म्हणून जबाबदारी मालकाचीच पहिली, ब्रीडरची दुसरी. पण मालक निवडला कुणी? दहा मिनिटांच्या फोनवर पिल्लू देणाऱ्याने निवडीची जबाबदारी टाळली, याची भरपाई दुसऱ्या कुणी का करावी? दुसरी हरकत वयाची. ब्रीडर म्हातारा होतो, मरतो. खरंय. ज्या बाईंबद्दल लिहिते आहे त्यांनी करारातच दुसऱ्या एका ब्रीडरचं नाव घातलं आहे, "माझ्यानंतर" असं लिहून. तिसरी हरकत अशी की इतका जाच झाला तर छोटे, हौशी ब्रीडर काम सोडतील आणि पिल्लं मिळेनाशी होतील. होऊ देत. वर्षभर थांबावं लागलं तर थांबावं. घाईत घेतलेला बीगल घाईतच सोडला जातो.

जाता जाता "पॉकेट बीगल"बद्दल, कारण हल्ली त्याची फार चलती आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी जेमतेम वीतभर उंचीचे बीगल होते म्हणतात. तो वंश केव्हाच संपला. आज ब्रिटिश मानकात बीगलची उंची 33 ते 40 सेंटिमीटर आहे, अमेरिकेतही दोनच उंचीगट आहेत, आणि पॉकेट नावाचा मान्य प्रकार कुठेही नाही. त्या नावाने विकलं जातं ते बहुधा वेतातलं सर्वांत बारकं पिल्लू, किंवा बारक्या-बारक्यांच्या जोड्या लावून काढलेलं. "दुर्मिळ निळा" रंग म्हणून जास्त पैसे मागणारेही तसेच. रंग फिका पडणाऱ्या त्या जनुकाबरोबर काही कुत्र्यांचे केस गळतात, त्वचा खवले धरते, हे मागणारा सांगत नाही. ज्याच्या जाहिरातीत कुत्र्याचं वय, आई आणि स्वभाव यांच्या आधी आकार आणि रंग येतो, तिथे मी पुढे वाचत नाही.

बाईंनी मला चौदा महिने थांबवलं. मधल्या काळात दोनदा बोलावलं, एकदा मुलीला घेऊन, आणि तिच्या हातात फिरायचा पट्टा देऊन त्या पांढऱ्या तोंडाच्या म्हातारीला रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणायला सांगितलं. वीस मिनिटं लागली. प्रत्येक खांबापाशी म्हातारी थांबत होती आणि मुलगी ओढत नव्हती. बाई खिडकीतून बघत होत्या. त्या दिवशी यादीत आमचं नाव लागलं असावं.

करार तीन पानी होता. सातवं कलम मी दोनदा वाचलं: कोणत्याही कारणाने, कोणत्याही वयात, कुत्रं सांभाळणं अशक्य झालं तर ते प्रथम ब्रीडरकडे परत द्यायचं, विकायचं नाही, कुणाला परस्पर द्यायचं नाही. मुलीने मला विचारलं, आपण परत देणार आहोत का? मी नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, "सगळे नाहीच म्हणतात. सही करा."

आता आमच्या निळ्या दोऱ्याला साडेचार वर्षं झाली आहेत. तो पहाटे गळा काढतो, शेजाऱ्यांनी दार वाजवलेलं आहे, फाटक दोनदा बदललं आहे. दर वर्षी त्याच्या जन्मतारखेला फोन येतो. शुभेच्छा वगैरे काही नाही. वजन किती, कान साफ आहेत का, आणि मग थोडं थांबून, "फिट वगैरे काही?"

"नाही."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज येतो.